दर चार घरांनंतर

आधी श्वास, मग हत्ती.

बँडमास्तरांनी दिलेल्या सरावाच्या कागदावरची ही पहिली सूचना. हत्ती म्हणजे ट्यूबा. नऊ किलो पितळ, तीन कळा आणि वर एवढं मोठं तोंड, की आत मांजर विऊन पिल्लं मोठी झाली तरी बाहेर कुणाला पत्ता लागायचा नाही. शाळेकडे असा एकच हत्ती होता आणि यंदा तो एका तेरा वर्षांच्या मुलीच्या मांडीवर होता. ती वाजवायला बसली की समोरून फक्त तिचं कपाळ आणि दोन चपला दिसायच्या. म्हणून तिच्या मामानं तिचं नाव ठेवलं मुंगी. आईसुद्धा आता तेच म्हणायची. मास्तरही.

शनिवारी परीक्षा होती. एकटीनं वाजवायचं. मागे ढोल नाही, बाजूला कुणाचा बिगूल नाही, चुकलं तर लपायला जागा नाही. तुकडा तीन मिनिटांचा, अठ्ठेचाळीस घरांचा. कागदावर उभ्या रेघा मारून सुरांचे जे खण पाडलेले असतात, त्यांना मास्तर घरं म्हणायचे. अठ्ठेचाळीस घरं न थांबता पार केली तर हत्ती आणखी तीन वर्षं तिच्याकडे. नाहीतर ट्रॉम्बोन वाजवणारा लंबू रांगेत उभाच होता.

आणि मुंगीला चार घरांच्या पुढं जाता येत नव्हतं.

श्वास पुरत नव्हता असं नाही. बोटंही अडत नव्हती. पहिलं घर, दुसरं, तिसरं, चौथं, आणि पाचव्याच्या उंबऱ्यावर

(थांब. ऐक. चालू आहे.)

ती ओठ उचलायची, मान दाराकडे वळवायची, दोन क्षण तशीच राहायची. मग पुढची चार घरं. पुन्हा मान दाराकडे.

"तिथं स्वल्पविराम आहे का?" मास्तरांनी विचारलं. मास्तर तोंडानं कमी आणि भुवयांनी जास्त शिकवायचे.

"नाही, मास्तर."

"मग? श्वास संपला?"

"नाही."

"मग कुणी हाक मारली का तुला?"

वर्गात लंबू फिस्सकन हसला. शाळेतल्या त्या खोलीत ऐकण्यासारखं काही नव्हतंच. तरी चार घरं झाली की तिचे कान सशासारखे उभे राहायचे.

काय ऐकायची ती? म्हैस.

३. मेट्रोनोमशी भांडू नये. चूक नेहमी आपली असते.

(दुसरी सूचना कागदावर दिसत नव्हती. फुंकून फुंकून हत्तीत साठलेलं पाणी काढताना तिथं थेंब उडाले होते.)

म्हैस म्हणजे मामाचं ऑक्सिजनचं मशीन. मामानं बावीस वर्षं दगडी फरश्या कापल्या. धूळ फुप्फुसात पाहुणी म्हणून आली आणि मालकीण होऊन बसली. आता नाकात नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला ते मशीन. दिवसभर घुंऽऽ करत रवंथ करायचं. फार तापायचं, म्हणून ते मधल्या बोळात ठेवलेलं, भिंतीवरच्या बोर्डाखाली. अलीकडच्या खोलीत खिडकीशी मामाची खाट, पलीकडच्या खोलीत मुंगी आणि हत्ती. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दोनदा तक्रार केली, तेव्हापासून मुंगीच्या खोलीचं दार बंद आणि दारावर जाड कांबळं टांगलेलं.

आई मोठ्या धुलाईखान्यात इस्त्रीवर होती, दोन ते आठच्या पाळीत. मुंगी तीनला शाळेतून यायची. तीन ते आठ मामा मुंगीच्या हवाली, आणि मुंगी मामाच्या. कुणी कुणाला सांभाळायचं यावर रोज एकदा भांडण व्हायचं.

तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार. मुंगी लांब सूर धरत होती. लांब सूर म्हणजे एकच सूर, थरथर न होता, आठ ठोके. मागे फळीवर मेट्रोनोमची, म्हणजे लय मोजून देणारी, छोटी डबी सेकंदाला एक पीप देत होती. हत्ती वाजायला लागला की ती पीप बुडून जायची, सूर संपला की पुन्हा वर यायची. मधेच मुंगीला वाटलं, मेट्रोनोम जरासा पुढं पळतोय. पण चूक नेहमी आपली. तिनं लय ओढून घेतली, पीपशी जुळवली. जुळली. इतकी छान जुळली की तिचं तिलाच कौतुक वाटलं. आज मास्तर हवे होते, असं मनात आलं.

सहा मिनिटं.

मग पाणी काढायला ती थांबली आणि मेट्रोनोम बंद करायला हात मागं नेला. बटण दाबलं.

पीप.

परत दाबलं.

पीप.

डबी हातात घेतली. काचेवर आकडाच नव्हता. काच कोरी. सेल केव्हाच संपला होता. केव्हा, देव जाणे.

पीप.

मुंगीनं कांबळं ओढलं, दार उघडलं. बोळात म्हैस गप्प होती. तिच्या पाठीवर लाल दिवा लागत होता, विझत होता, आणि प्रत्येक वेळी पीप. प्लग बोर्डातून गळून जमिनीवर पडला होता. अलीकडच्या खोलीत मामा गुडघ्यांवर हात रोवून वाकून बसला होता. ओठ शाईसारखे. डोळे दाराकडे. हाक मारायला लागते तेवढी हवासुद्धा त्याच्याकडे उरली नव्हती.

तिनं प्लग लावला. निसटला. पुन्हा लावला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. म्हैस खाकरली, घुंऽऽ करू लागली. बोळातून मामाचे फक्त पाय दिसत होते. मुंगी त्या पायांकडे बघत राहिली. हलतात का, हलतात का.

बऱ्याच वेळानं आवाज आला, "लय... बरी... होती."

मुंगी तिथंच फरशीवर बसून रडली.

संध्याकाळी मामानं पुठ्ठ्याची घडी करून दिली, ती तिनं बोर्डाच्या सैल भोकात पाचरीसारखी ठोकली. "आईला नाही सांगायचं," मामा म्हणाला. "सांगितलंस तर ती एक तर काम सोडेल, नाहीतर तुझा हत्ती परत पाठवेल. तिच्याकडे तिसरा रस्ता नाही."

"पण मामा, मी आतमध्ये

(थांब. ऐक. चालू आहे.)

वाजवत होते, आणि तू..."

"मी इथं ऐकत होतो. मला वाटलं, आत्ता थांबेल, मग थांबेल. फार छान वाजवत होतीस, हाच काय तो घोटाळा."

पाचर बसली. मशीन चालू राहिलं. मुंगीच्या पोटात मात्र एक गोळा बसला तो हलेना. हत्तीचा आवाज एवढा मोठा, की त्याच्याआड एक माणूस मरू शकतो आणि वाजवणारीला कळतही नाही. हे एकदा कळलं की मग पाचवं घर कसं ओलांडायचं?

५. कागद भिंतीवर फुंकरीनं धरावा. कागद खोटं बोलत नाही.

हा प्रकार सगळे ट्यूबावाले करतात. वहीचं पातळ पान भिंतीवर टेकवायचं, हात काढायचा आणि नुसत्या फुंकरीनं ते तिथंच धरून ठेवायचं. श्वास संपला की कागद पडतो. लंबू अठरापर्यंत मोजायचा. मुंगी चोवीसपर्यंत जायची. हल्ली मात्र बारा झाले की तिचं लक्ष

(थांब. ऐक.)

दाराकडे, आणि कागद खाली.

परीक्षेच्या आठवड्यात, बुधवारी, कागद पडला तो दाराच्या फटीतून बोळात गेला. मुंगी आणायला गेली तर तो म्हशीच्या जाळीपाशी फडफडत होता. मशीन मागच्या जाळीतून गरम वारा सोडायचं, आणि त्या वाऱ्यावर कागद उठत होता, बसत होता, उठत होता.

मुंगी उकिडवी बसून बघत राहिली. मग तिनं पानाची बोटभर पट्टी फाडली, जाळीला चिकटवली. कांबळं काढलं. दार सताड उघडलं. खुर्ची अशी सरकवली की हत्तीच्या बाजूनं ती पट्टी दिसावी. पट्टी हलते आहे म्हणजे म्हैस चालू. ऐकायची गरजच नाही. डोळे काही वाजवत नाहीत, ते मोकळेच असतात.

पहिलं घर. चौथं. पट्टी फडफडत होती. पाचवं. नववं. मास्तर म्हणायचे तसं तिनं शेवटाकडून मागं येत प्रत्येक घर वेगळं पक्कं केलेलं होतंच. ती सगळी घरं आता एका गल्लीत उभी राहिली. विसावं, तिसावं. पट्टी फडफडत होती. अठ्ठेचाळिसावं.

वरच्या बाईंनी पायानं जमीन ठोकली.

"ठोका म्हणावं!" मामा खाटेवरून ओरडला, आणि ओरडल्याबद्दल दोन मिनिटं खोकला.

गुरुवारी पुन्हा. दोनदा. मुंगी आनंदानं भात दोनदा वाढून घेऊन जेवली. आणि शुक्रवारी शाळेत, मास्तरांसमोर, पाचव्या घराच्या उंबऱ्यावर

(थांब.)

ओठ सुटले. समोर पाटी होती, खिडकी होती, लंबू होता. पट्टी नव्हती.

मास्तरांच्या भुवया वर गेल्या आणि तिथंच राहिल्या. "उद्या परीक्षा आहे, मुंगे," ते हळूच म्हणाले. "तुझ्या घरी काय आहे ते मला माहीत नाही. पण जे आहे ते तू इथं बरोबर घेऊन येतेस."

पाणी काढायला विसरू नये. (ही सूचना आकड्याविना, समासात.)

शनिवारी आईनं सुट्टी घेतली होती. मुंगीला त्यातल्या त्यात तेवढाच आधार. आई घरी, म्हणजे कुणीतरी ऐकणारं घरी. तिनं हत्ती पाठीवर घेतला, मामानं खाटेवरूनच दोन बोटं कपाळाला लावून सलाम ठोकला, आणि तेवढ्यात आई पदर खोचत म्हणाली, "सुट्टी आहेच तर आज बोळ धुऊन काढते. मशीनखाली काय ती जळमटं. सरकवून एकदा घासायलाच हवं."

मुंगी दारातच थांबली.

सरकवून. पाचर. प्लग.

तिनं तोंड उघडलं. मामानं मान हलवली, नाही. आई म्हणाली, "काय गं? पोटात गोळा आलाय? येतोच. जा, उशीर होईल."

तोंड उघडलेलं तसंच घेऊन मुंगी जिना उतरली. खरंतर परत फिरायला तिला चौदा पायऱ्या लागल्या असत्या. ती फिरली नाही. वाटेत प्रत्येक कोपऱ्यावर तिला वाटलं, आता फिरू. आणि प्रत्येक कोपऱ्यावर हत्ती पाठीवर थोडा जास्त जड झाला.

परीक्षेची खोली लांबट होती. टेबलामागे साखळीच्या चष्म्याच्या बाई. कोपऱ्यात मास्तर, त्यांना बोलायची परवानगी नव्हती. बाहेर बाकावर लंबू ट्रॉम्बोनला तेल घालत बसला होता. आणि वर, छताजवळ, हवा खेळवणारी जाळी. कुणीतरी कधीतरी तिला एक फीत बांधली होती. ती फडफडत होती.

मुंगीला ती फीत दिसली आणि तिनं नजर तिच्यावरच रोवली. ती आपल्या घरची नाही, हे तिला ठाऊक होतं. पण बुडत्याला काडी.

चौथं घर. फीत हलतेय. आठवं. हलतेय. बाई काहीतरी लिहीत होत्या. बारावं, सोळावं, खालचा मोठा सूर आला आणि टेबलावरचा पेला किणकिणला. विसावं घर. वर कुठंतरी खट्ट झालं. जाळीतला वारा थांबला.

फीत खाली लोंबली. सरळ. मेल्यासारखी.

हत्तीचा सूर मधेच तुटला. खोली एवढी शांत झाली की चष्म्याची साखळी ऐकू आली.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"मला घरी फोन करायचाय."

"परीक्षा चालू आहे, मुली."

"आत्ता करायचाय." मुंगीचा आवाज चिरकला. "तुम्ही नापास करा, पण आत्ता करायचाय."

मास्तर उठले. त्यांना बोलायची परवानगी नव्हती, म्हणून ते बोलले नाहीत. त्यांनी खिशातला मोबाइल काढून तिच्या हातात दिला. बाईंनी पेन खाली ठेवलं. "दोन मिनिटं," त्या म्हणाल्या.

फोन वाजला. वाजला. सहाव्यांदा वाजला. सातव्यांदा आईचा आवाज आला, मागे बादलीचा खडखडाट.

"कोण?"

"आई, मशीन चालू आहे?"

"आहे की. का गं? तुझी परीक्षा..."

"प्लग बघ. तो गळतो. भोक सैल आहे. एकदा पडला होता. सहा मिनिटं. मी आत वाजवत होते, मला वाटलं मेट्रोनोम आहे. मामा निळा झाला होता. आम्ही तुला सांगितलं नाही."

पलीकडे काही नाही. बादलीही नाही. त्या शांततेत दूरवर म्हैस घुंऽऽ करताना ऐकू येत होती, आणि मुंगीनं फोन कानात इतका दाबला की कान दुखला.

"कुठला, हा?" आई म्हणाली. आणि मग वेगळ्याच आवाजात, "अगं, हा तर अर्धा बाहेर आलाय."

"आत दाब!" मुंगी ओरडली.

"थांब, हात पुसते. हं. लावला. हलतोय गं. बरं, मी धरून बसते."

"आई..."

"तू वाजव."

"रागावलीस?"

"वाजव म्हटलं ना. बाकीचं घरी आल्यावर." आणि मागून, तुटक, मामा: "मुंगे, फोन ठेवू नकोस! मला... ऐकायचंय!"

बाईंनी सगळं ऐकलं होतं, न ऐकून करतात काय. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "थांबल्याचे दहा गुण गेले. आता पहिल्यापासून. आणि आता थांबलीस तर मला काही करता येणार नाही."

मुंगीनं फोन कागदाच्या स्टँडवर उभा केला. पाणी काढलं. आधी श्वास, मग हत्ती, आणि पहिलं घर सुरू झालं तेव्हा फीत वर तशीच लोंबत होती आणि ती तिनं बघितली नाही, दुसरं, तिसरं, चौथ्यात मान दाराकडे वळायला निघाली तशी तिनं ती दातांनी धरल्यासारखी धरली आणि पाचव्याचा उंबरा ओलांडला, भीती मागं राहिली नाही, तीही बरोबर आत आली, सहाव्यात, सातव्यात, जिना चढावा तशी एकेक पायरी बरोबर चढत आली, आणि मुंगीला कळलं की ती काही जाणार नाही, तिला बरोबर घेऊनच वाजवावं लागणार, तर घे, म्हणून तिनं सोळाव्या घरातला तो खालचा सूर पोटातल्या गोळ्यासकट सोडला, पेला किणकिणला, विसावं घर आलं, वर जाळी गप्पच होती, एकविसावं, तिकडे ओल्या बोळात आई एका हातानं प्लग दाबून बसली असेल, असेलच ना, तिसावं, श्वास, आणि हात घामानं निसटला तर, पस्तीस, श्वास, चाळीस, आता सूर चढत गेले आणि हत्ती चढला, सत्तेचाळीस, आणि अठ्ठेचाळिसाव्यातला शेवटचा सूर तिनं आठ ठोके धरला, थरथर न होता, मोजून आठ.

मग तिनं ओठ काढले आणि फोनकडे बघितलं.

काच काळी होती.

तिनं बटण दाबलं. काळी. पुन्हा दाबलं. तिच्या कानात कुठूनतरी पीप सुरू झाली. "मास्तर," ती म्हणाली, "हा बंद... हा केव्हा बंद..."

मास्तर आता परवानगीबिरवानगी विसरले. "अरे देवा, चार्ज करायचं राहिलं," म्हणत ते दार उघडून बाहेर धावले आणि लंबूचा फोन हिसकावून घेऊन आले. मुंगीची बोटं तीन वेळा चुकली. चौथ्यांदा लागला. पहिल्याच घंटीला उचलला.

"बाराव्या घरात आवाज गेला," मामा म्हणाला. अधूनमधून श्वास घेत, पण म्हणाला. "मास्तरांना म्हणावं... एवढा मोठा बँड, आणि फोन असला? पुढचं कसं झालं?"

"झालं, शेवटपर्यंत," मुंगी म्हणाली. मास्तरांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला, आणि चष्म्याच्या बाई दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "पुढचा."

दहा गुण जाऊनही निभावलं. तसं मास्तरांनी फाटकापाशी सांगितलं आणि हत्ती स्वतःच्या हातांनी तिच्या पाठीवर चढवला. लंबू म्हणाला, "माझ्या फोनचं भाडं देशील की नाही?" पण ते त्यानं हसून म्हटलं, आणि वळणापर्यंत तो तिच्याबरोबर चालला.

घरी दार उघडं होतं. बोळ अर्धा धुतलेला, अर्धा तसाच. पाण्याची बादली गार पडली होती. आई बोळाच्या कोरड्या टोकाला स्टुलावर बसली होती, एक हात भिंतीवरच्या प्लगवर. वायरमन सहा वाजता येणार होता. खाटेवर मामा झोपला होता. त्याची छाती हळूहळू वर-खाली होत होती. मुंगीनं ती चार वेळा मोजली.

"हत्ती राहिला?" आईनं विचारलं.

"राहिला."

आईनं मान डोलावली. मग ती मशीनच्या जाळीवरच्या कागदाच्या पट्टीकडे बघत राहिली. पट्टी फडफडत होती.

"मुंगे," ती म्हणाली, "सहा मिनिटं म्हणजे तुमची ती घरं किती होतात?"

मुंगीनं मनात हिशेब केला.

"शहाण्णव."

आईनं प्लगवरचा हात काढला नाही.